गावाचे पर्यटनस्थळ करताना : पहिल्या मोजणीपासून पावसाळ्याच्या तयारीपर्यंत

आमचे गाव सह्याद्रीच्या पूर्व उतारावर आहे. वर एक लहानसा किल्ला आहे आणि त्याच्या कुशीत पावसाळ्यात कोसळणारा धबधबा. अनेक वर्षे तेथे फक्त गुराखी आणि काही गिर्यारोहक येत असत. पुढे धबधब्याच्या चित्रफिती मोबाइलवरून फिरू लागल्या आणि जुलै-ऑगस्टच्या रविवारी गावात शिरणारा एकमेव रस्ता इतका तुंबू लागला की बाळंतपणासाठी निघालेली रुग्णवाहिका एकदा वाडीच्या वळणावरच अडकून पडली. त्या प्रसंगानंतर गावाने समिती नेमली आणि तिचा सचिव म्हणून मी सहा वर्षे काम केले.

पहिल्या दोन वर्षांत आमच्या हातून बऱ्याच चुका झाल्या. सर्वांत मोठी चूक स्वच्छतागृहाची. निधी मिळाला, इमारत उभी राहिली, फीत कापली गेली आणि त्यानंतर दोन पावसाळे तिला कुलूप होते. अंदाजपत्रकात छतावरची टाकी होती, परंतु तिच्यात पाणी कोठून येणार, मोटारीची वीजजोडणी कोणाच्या नावावर असणार आणि रोज सकाळी झाडलोट कोण करणार, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. आम्हीही ते विचारले नव्हते. दोन वर्षे बायाबापड्या झुडपांमागे जात राहिल्या, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर मी एक प्रश्न सोबत ठेवण्यास सांगतो: हे बांधून झाल्यावर चालवणार कोण?

हे मार्गदर्शन प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींसाठी आहे. ज्यांच्या गावात किल्ला, धबधबा, समुद्रकिनारा, देवराई किंवा फुलांचे पठार आहे आणि गर्दी आधीच सुरू झाली आहे किंवा होण्याच्या बेतात आहे, त्यांनी ते वाचावे.

१. आधी मोजा, मग मागा

कोणताही प्रस्ताव लिहिण्यापूर्वी किमान चार रविवार आणि दोन साधे दिवस वाहने मोजा. गावच्या वेशीवर दोन तरुण सकाळी सात ते सायंकाळी सहापर्यंत वहीसह बसवा. दुचाकी, चारचाकी आणि बस यांचे रकाने वेगळे ठेवा आणि आत जाण्याची व बाहेर येण्याची वेळ लिहा. बाहेर येण्याची वेळ बहुतेक गावे नोंदवत नाहीत, आणि तीच सर्वांत महत्त्वाची असते. दिवसभरात एकूण किती वाहने आली यावर वाहनतळाचा आकार ठरत नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती वाहने उभी होती यावर तो ठरतो.

हिशेब सोपा आहे. एका मोटारीला उभे राहायला आणि वळायला मिळून सुमारे पंचवीस चौरस मीटर जागा धरावी. समजा दुपारी एक वाजता ८० मोटारी एकाच वेळी उभ्या असतात, तर २,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास वीस गुंठे जागा हवी. दुचाकीला वाटेसह तीन चौरस मीटर धरले, तर दीडशे दुचाकींना आणखी साडेचार गुंठे लागतात. हा आकडा ग्रामसभेत मांडला की चर्चा एकदम जमिनीवर येते, कारण गुंठ्याचा भाव प्रत्येकाला ठाऊक असतो.

याच वहीवरून स्थळाची वहनक्षमता ठरवा, म्हणजे एका दिवशी जास्तीत जास्त किती माणसे ती जागा सोसू शकेल. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घातली गेली, ऑनलाइन नोंदणी सुरू झाली आणि वाहने पठारापासून दूर उभी करून लोकांना पुढे नेण्याची व्यवस्था झाली. कास हा २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, तरीही तेथील रोजचे व्यवस्थापन आसपासच्या गावांच्या समित्या वनविभागाबरोबर करतात. आपल्या गावाचे नाव लहान असले म्हणून मर्यादा घालता येत नाही, असे मुळीच समजू नका.

२. जागा कोणाची आहे, हे सात-बारावर पाहा

गावात सर्वांना वाटते की धबधबा 'आपला' आहे. कागद काढल्यावर कळते की पायथा खाजगी आहे, मधला उतार वनविभागाचा आहे आणि वरचा किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे. प्रत्येकाचे नियम निराळे असल्याने ही पायरी घाईत उरकू नये.

वनजमिनीवर पायऱ्या, काँक्रीटची वाट किंवा कायमचे बांधकाम ग्रामपंचायत स्वतःहून करू शकत नाही. वनजमिनीचा वनेतर वापर १९८० च्या वन संवर्धन कायद्याच्या चौकटीत येतो आणि त्यासाठी केंद्र शासनाची परवानगी लागते. तेथील योग्य मार्ग म्हणजे संयुक्त वन व्यवस्थापन समिती, म्हणजे गावकरी आणि वनविभाग यांनी मिळून चालवायची समिती. ती गावात नसेल किंवा केवळ कागदावर असेल, तर वनक्षेत्रपालांना भेटून ती जिवंत करा. प्रवेशशुल्क, वाटाडे, कचरा आणि पहारा ही सर्व कामे त्या समितीमार्फत रीतसर करता येतात.

केंद्र शासनाने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी घेऊनच करावे लागते. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर, विजयदुर्ग यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांच्या पायथ्याच्या गावांत आता हॉटेले बांधण्याची घाई होईल. अशा गावांतल्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे की जोत्याचा पहिला दगड बसवण्याआधी हद्दीची मोजणी करून घ्यावी.

किनारपट्टीच्या गावांना याशिवाय सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची अट आहे. भरतीरेषेजवळची तंबूवस्ती तात्पुरती आहे म्हणून चालेल, हा समज अनेकांना महागात पडला आहे.

खाजगी जागा वाहनतळासाठी घ्यायची असेल, तर तोंडी बोलीवर थांबू नका. आमच्याकडे पहिल्या वर्षी एका शेतकरीदादांनी मोठ्या मनाने पड जमीन वापरायला दिली. दुसऱ्या वर्षी भावकीत वाटणी झाली आणि ऐन ऑगस्टमध्ये वाहनतळाला कुंपण पडले. त्यात त्यांचा दोष नव्हता. करार न करणे ही आमची चूक होती. सात-बारावर नाव असलेल्या सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घेऊन किमान तीन हंगामांचा लेखी भाडेकरार करा आणि भाडे बँकेतूनच द्या.

३. ग्रामसभेचा ठराव आणि समिती

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ४९ प्रमाणे ग्रामविकास समिती नेमता येते. पर्यटनासाठी अशीच समिती असावी. स्वतंत्र संस्था काढण्याचा मोह सुरुवातीला टाळावा, कारण मग ग्रामपंचायत एकीकडे आणि संस्था दुसरीकडे अशी ओढाताण सुरू होते. समितीत सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्याबरोबर बचत गटाच्या दोन-तीन ताई, पायथ्याच्या वाडीतली माणसे, वाहनचालक, शाळेतले एक गुरुजी आणि वनरक्षक असावेत. पायथ्याच्या वाडीला वगळून मुख्य गावठाणातल्या लोकांनीच समिती बनवली, तर ती एक हंगामही टिकत नाही. गर्दीचा त्रास वाडी सोसते आणि पैसे गावठाणात जातात, ही भावना एकदा रुजली की ती निघत नाही.

ठराव लिहिताना 'गावाचा पर्यटनदृष्ट्या विकास करण्यात यावा' अशी मोघम वाक्ये नकोत. गट क्रमांक, कामाचे नाव, समितीची नावे, शुल्काचे दर, आणि देखभालीचा खर्च कोणत्या उत्पन्नातून भागवायचा, हे सर्व ठरावात असू द्या. गणपूर्ती झाली होती याची नोंद इतिवृत्तात आहे ना, हे स्वतः वाचून पाहा. याच एका कारणावरून आमचा पहिला प्रस्ताव चार महिने परत येत राहिला.

४. काय बांधायचे आणि कोणत्या क्रमाने

निधी येतो तेव्हा सर्वांना आधी कमान हवी असते. त्यानंतर सेल्फी पॉइंट, मग बगीचा. मी सहा वर्षांच्या अनुभवावरून वेगळा क्रम सुचवतो: वाहनतळ, पाणी, स्वच्छतागृह, कचरा, सुरक्षित वाट आणि फलक. या सहा गोष्टी चालू स्थितीत असतील तर कमानीविना काही अडत नाही.

*वाहनतळ* स्थळापासून दूर, शक्यतो गावाच्या अलीकडे असावा. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे लोक चालत, घोड्यावर किंवा छोट्या रेल्वेगाडीने जातात. त्या गिरिस्थानाचे रूप टिकण्यामागे ही गोष्ट मोठी आहे. लोक वीस मिनिटे चालले तर वाटेतल्या प्रत्येक घरापुढे भाजलेले कणीस आणि चहा विकला जातो. मोटार थेट धबधब्यापर्यंत गेली तर गावाच्या वाट्याला फक्त धूर येतो. वाहनतळावर डांबर घालू नका. मुरूम आणि खडी यांवर पाणी मुरते आणि हंगामानंतर जमीन मालकाला परत देता येते.

*पाणी आणि स्वच्छतागृह* यांचा विचार एकत्र करा. एका माणसामागे अवघे पाच लिटर धरले तरी सहाशे माणसांना रोज तीन हजार लिटर लागतात. हे पाणी बोअरचे की नळयोजनेचे, उन्हाळ्यात ते गावाच्या वाट्यातून कापले जाणार का, मोटारीचे बिल कोण भरणार आणि मैला कोठे जाणार, या चार प्रश्नांची उत्तरे अंदाजपत्रकाला जोडा. शोषखड्डा ओढ्याच्या वर किंवा विहिरीजवळ येऊ देऊ नका. स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची एक बंद, आतून कडी असलेली खोली अवश्य बांधा. भिजून परतणाऱ्या मुलींना तिची किती गरज असते, हे समितीतल्या ताईंनी सांगितले नसते तर आम्हा पुरुषांच्या लक्षातही आले नसते.

*कचरा* वर जाऊच न देणे हा एकमेव उपाय टिकतो. वेशीवर पिशवी तपासून प्लॅस्टिकच्या बाटलीमागे अनामत रक्कम घ्यावी आणि परतताना बाटली दाखवली की ती परत द्यावी. जागोजागी कुंड्या ठेवल्या तर माकडे आणि कुत्री त्या उपसतात आणि कचरा आणखी पसरतो.

*फलक* थोडे असावेत, पण खरे असावेत. पाण्याची खोली, बुडून झालेल्या अपघातांची जागा, वाट कोठे घसरडी आहे आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे लिहा.

५. निधी आणि मंजुरी

लहान गावासाठी नेहमीचे तीन मार्ग आहेत. पहिला ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या विकास आराखड्याचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती, त्यामुळे पाणी व स्वच्छतागृहासारखी कामे गावाच्या आराखड्यात बसवणे शक्य झाले. दुसरा जिल्हा वार्षिक योजनेचा; त्यासाठी स्थळाला 'क' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळवावा लागतो आणि तो पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती देते. तिसरा राज्याच्या प्रादेशिक पर्यटन विकास योजनेचा. त्याचा प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत पुढे जातो. केंद्राची स्वदेश दर्शन योजना मोठ्या क्षेत्रांसाठी आहे. एकट्या गावाने तिच्या मागे लागून वर्षे घालवू नयेत.

प्रस्तावाला पुढील कागद जोडावेत आणि प्रत्येकाच्या तीन प्रती ठेवाव्यात:

- ग्रामसभेचा ठराव व इतिवृत्ताची प्रमाणित प्रत
- अलीकडचा सात-बारा, आठ-अ आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत
- वन, पुरातत्त्व, महसूल किंवा किनारा नियमन यांपैकी लागू असेल तेथील ना-हरकत पत्र
- वाहन व पर्यटक मोजणीच्या नोंदवहीची छायाप्रत
- जागेची, स्थान आणि दिनांक दिसणारी छायाचित्रे
- अभियंत्याने केलेले अंदाजपत्रक व नकाशा
- देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत करेल असे हमीपत्र, आणि त्याला जोडलेला वार्षिक खर्चाचा तक्ता

हमीपत्राचा छापील नमुना मिळतो आणि सगळे त्यावर न वाचता सही करतात. कृपया तसे करू नका. त्या एका कागदाने पुढची सर्व वर्षे गावाच्या अंगावर येतात. खर्चाचा तक्ता मांडल्यावर आम्हाला कळले की तीन स्वच्छतागृहांऐवजी एकच परवडते. आम्ही एकच मागितले आणि ते आजही चालू आहे.

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश हे टप्पे ओलांडायला सहज एक वर्ष जाते. मार्च जवळ आला की खर्च उरकण्याची घाई होते आणि त्याच घाईत पाइप उथळ पुरले जातात. काम सुरू असताना समितीतला एकजण रोज तेथे जाईल आणि भिंत लिंपण्याआधी नळजोडण्यांची छायाचित्रे काढून ठेवील, एवढे पाहा.

६. शुल्क घेण्याचा अधिकार

हा सर्वांत धोक्याचा टप्पा आहे. काही गावांत तरुण रस्त्यावर बांबू आडवा टाकून पैसे घेतात. सार्वजनिक रस्त्यावर असे करण्याचा अधिकार कोणालाच नाही. एखाद्या पर्यटकाने तक्रार केली तर चांगल्या मुलांवर गुन्हे दाखल होतात. ग्रामपंचायतीने कर आणि फी आकारण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये आणि १९६० च्या कर व फी नियमांत आहे. दर त्यानुसार ठरवा, गटविकास अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या, पैसे रस्त्यावर न घेता वाहनतळाच्या दारात घ्या आणि प्रत्येकाला अनुक्रमांक असलेली छापील पावती द्या. वनक्षेत्राचे प्रवेशशुल्क वेगळे असते. दोन्ही एकाच खिडकीवर घेतले तरी पावत्या आणि खाती वेगळीच असावीत.

दर महिन्याला जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. गावात कुजबुज सुरू होण्याआधी आकडे समोर असले की पुष्कळ भांडणे जन्मालाच येत नाहीत.

७. सेवा एकत्र बांधा

इमारती उभ्या राहिल्या तरी स्थळ चालते ते माणसांमुळे. राहणे, जेवण, वाटाडे आणि वाहतूक ही चार कामे पाहणारी माणसे चार दिशांना ओढू लागली तर पर्यटक गोंधळतो आणि पुन्हा येत नाही.

राहण्याची सोय घराघरांतूनच सुरू करावी. मंडणगड तालुक्यातल्या वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर समुद्री कासवांच्या अंड्यांचे संरक्षण केले आणि पुढे कासव पाहायला येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातल्या घरांनीच केली. महाबळेश्वरजवळच्या भिलारमध्ये ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव सुरू झाले, तेही लोकांच्या घरांतून आणि गावातल्या असलेल्या जागांतून. दोन्हीकडे आधी पाहुण्याचे कारण होते आणि सोय त्यामागून आली.

घरगुती मुक्काम चालवणाऱ्यांनी न्याहारी व निवास योजनेखाली नोंदणी करावी. शेतावर पाहुणे ठेवायचे असतील तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. त्यासाठी किमान एक एकर शेती लागते. जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची नोंदणी हवी. पाहुण्यांच्या ओळखपत्रांची वही ठेवा, आणि परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती शासनाला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरा.

आमच्याकडे दोन नियमांमुळे कटुता गेली. पहिला, थाळीचा आणि मुक्कामाचा दर सर्व घरांत एकच असतो आणि तो वेशीवर लिहिलेला असतो. दुसरा, नोंदणीचा दूरध्वनी एकच असून पाहुणे घरांना आळीपाळीने दिले जातात. सुरुवातीला रस्त्याकडेच्या घरांनी या आळीपाळीला विरोध केला. मग बचत गटाच्या काकूंनी सुचवले की ज्या घराची पाळी नसेल त्या घराने भाकऱ्या, ताक किंवा भाजी पुरवावी. तेव्हापासून एका पाहुण्यामागे तीन-चार घरांत पैसे जातात.

एसटीसाठी आगार व्यवस्थापकांना हंगामाच्या दोन महिने आधी पत्र द्या आणि मोजणीची वही सोबत न्या. रविवारच्या एका जादा फेरीने वाहनतळावरचा भार कमी होतो, आणि गाडी नसलेल्या माणसालाही निसर्ग पाहता येतो.

८. जीव वाचवण्याची व्यवस्था

जिल्हाधिकारी पावसाळ्यात धोकादायक स्थळांवर बंदी घालतात तेव्हा काही गावे नाराज होतात. जून २०२४ मध्ये लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. जून २०२५ मध्ये मावळातल्या कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने इंद्रायणीत कोसळला. या घटना आठवल्या की बंदीचा राग येत नाही.

धबधब्यावर दोर, जीवरक्षक कडी, शिटी आणि पोहणारे दोन तरुण हंगामभर असावेत आणि त्यांना मजुरी द्यावी. फुकटची सेवा तिसऱ्या रविवारी थांबते. वरच्या खोऱ्यातल्या वाडीत एक माणूस ठरवून ठेवा, जो तेथे मोठा पाऊस झाला की खाली फोन करील. खाली ऊन असतानाही वरून लोंढा येतो, हे शहरातल्या माणसाला ठाऊक नसते. फोन आला की पाच मिनिटांत पाण्यातून सर्वांना बाहेर काढायचे, त्यावर वाद घालायचा नाही. दोर लावून उतरणे, झिपलाइन असे साहसी प्रकार कोणी बाहेरचा आयोजक आणत असेल, तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखालचे नोंदणीपत्र पाहिल्याशिवाय त्याला जागा देऊ नका. १०८ आणि ११२ हे क्रमांक फलकावर लिहा, आणि मोबाइलला संकेत कोठे मिळतो ती जागाही दाखवा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविष आहे का, हे मे महिन्यातच विचारून ठेवा.

९. दर वर्षी मेमध्ये करावयाची तयारी

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाहनतळाचा करार, पावती पुस्तके आणि मोटारीचे वीजबिल पाहून घ्या. तिसऱ्या आठवड्यात टाकी धुऊन घ्या, शोषखड्डा उपसा आणि कड्या-कोयंडे बदला. चौथ्या आठवड्यात वनरक्षकांना सोबत घेऊन पूर्ण वाट चाला आणि सुटलेले दगड, मोडलेले कठडे व वठलेली झाडे वहीत लिहा. पहिला मोठा पाऊस झाल्यावर तीच वाट दुसऱ्यांदा चाला, कारण दगड सुटतात ते त्या पावसानंतर. त्या दिवशी जीवरक्षक मुले बरोबर असावीत आणि त्यांनी दोर स्वतः ताणून पाहावा. त्यानंतरच वेशीवरच्या फलकावर 'वाट खुली' ही पाटी अडकवा.